उजव्या हाताची साय

सोमवार आला की चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर्स आपले हात लपवत फिरायच्या, शाळेत नखं तपासायच्या दिवशी पोरं फिरतात तशा. कारण सोमवारी सकाळी, ड्यूटीवर चढण्याआधी, प्रत्येकीला दोन्ही हात पेटीत घालावे लागत. पेटीत निळा दिवा लागे, हातांवर कुठे फिकट तर कुठे गर्द हिरवा उजेड उमटे आणि वरच्या काचेवर दोन आकडे येत, एक डाव्याचा, एक उजव्याचा. दोन्ही साठाच्या वर असले तर वॉर्डात जायचं. एक जरी खाली आला तर दोन दिवस घरी बसायचं.

स्वप्नाली कोळेकरचे आकडे आले. डावा चौऱ्याहत्तर, उजवा एक्याण्णव.

"परत?" पेटीजवळ बसलेल्या डॉक्टर शाल्मली केणी खुर्चीतून उठल्याच. "तेरावा आठवडा चाललाय, सिस्टर. एकदाच लेप लावलाय तुम्हाला. बाकीच्यांचा नऊ दिवसांत उडतो. तुम्ही करता तरी काय?"

"काही नाही मॅडम. हात धुते."

"ते तर सगळ्याच धुतात. तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाही."

"मग उजव्याचा आकडा कमी यायला हवा. जो हात जास्त राबतो तो जास्त धुतला जातो, त्याचा लेप आधी जातो. तुमचं सगळंच उलटं."

स्वप्नालीनं हात बाहेर काढून उलटसुलट करून पाहिला. चारचौघींसारखाच हात होता. पण कोडं दिसलं की तिला चैन पडत नसे, आणि इथे तर कोडं तिच्या मनगटालाच चिकटलेलं होतं.

ही लेपाची भानगड नीट सांगायला हवी. पाच-सहा वर्षांपूर्वी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत एक बुरशी शिरली. राखेच्या रंगाची, म्हणून तिला राखी बुरशी म्हणू लागले. धडधाकट माणसाचं तिनं कधी काही बिघडवलं नाही. पण भाजलेला, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस तिच्या तावडीत सापडला की त्याची आशा सोडायची. औषधांना ती जुमानत नव्हती, स्पिरिटनं मरत नव्हती, हातमोजे काढता काढता मनगटावरून बोटांवर उतरत होती. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ती जायची ती परिचारिकांच्या हातांवरून. ज्यांनी माणसं बरी करायची त्यांच्याच हातून हे व्हावं, याचा सगळ्यांनी धसका घेतला होता.

मग उपाय सापडला, तोही हातांवरच. आपल्या कातडीवर असंख्य जिवाणू सुखानं नांदत असतात. त्यातला एक गरीब बिचारा जिवाणू असा निघाला की तो स्वतःभोवती एक रसायन पाझरतो आणि त्या रसायनात राखी बुरशी गुदमरून मरते. शास्त्रज्ञांनी त्याच्यात थोडा फेरफार केला, निळ्या उजेडात चमकायची खूण त्याला जोडली आणि त्याचा दाट लेप बनवला. हात धुतले तरी तो कातडीच्या रंध्रांत दबा धरून बसे आणि अर्ध्या तासात पुन्हा वर येई. कागदोपत्री त्याचं नाव जीवलेप. सिस्टर्स त्याला साय म्हणत.

अडचण एकच होती. दिवसातून साठ-सत्तर वेळा हात धुतल्यावर कातडीचा ओशटपणा निघून जाई आणि त्या जिवाणूची उपासमार होई. आठ-नऊ दिवसांत साय फाटायची. नवी लावली की हात दोन दिवस सुजून लाल व्हायचे, सालं निघायची आणि तेवढे दिवस वॉर्डात पाय टाकायची बंदी. म्हणून रुग्णालयानं नियम केला, की जिच्या हातावर साय शंभर दिवस टिकेल तिला जळीत वॉर्डात कायमची नेमणूक आणि हाकेच्या अंतरावर राहण्यासाठी समोरच्या इमारतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. साडेचारशे परिचारिकांत अशी एकही निघाली नव्हती.

स्वप्नाली मंगळवेढ्याची. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात नऊ वर्षं कंत्राटावर काढून ती मुंबईला आली होती. पगाराचा आकडा ऐकून घरात सगळ्यांचे डोळे विस्फारले होते आणि भाड्याचा आकडा ऐकून ते पुन्हा मिटले होते. शेवटी नवरा नवनाथ, सात वर्षांची ईश्वरी आणि सासूबाई गावीच राहिले, आणि स्वप्नाली बदलापूरच्या पुढे एका खोलीत चौघीजणींत राहू लागली. कामावर येता-जाता चार तास मोडत. शेजारच्या खाटेवर गडचिरोलीची मेघना उसेंडी झोपायची, तीही जळीत वॉर्डातलीच. वयानं लहान, बोलायला मोकळी, आणि जेवायला भात नसेल तर रुसणारी. बाकीच्या तिघी कँटीनचं खाऊन यायच्या. स्वप्नाली मात्र पहाटे उठून, गावाहून दळून आणलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी एका शेगडीवर थापून घ्यायची. मुंबईत गल्लोगल्ली भाकरीची यंत्रं झाली होती, पण त्यातून निघणाऱ्या चकतीला भाकरी म्हणायला तिची जीभ धजावत नसे.

एकशेएकाव्या दिवशी मेट्रननं तिच्या हातात क्वार्टरची किल्ली ठेवली. स्वप्नाली जिन्यात जाऊन रडली, मग तोंड धुऊन तिनं घरी फोन लावला.

आठवड्याभरात सगळे आले. नवनाथ गावी सौर पंप दुरुस्त करायचा, त्याला इमारतींच्या गच्चीवरच्या सौरपट्ट्यांचं काम लगेच मिळालं. ईश्वरीला रस्त्यापलीकडच्या शाळेत घातलं. क्वार्टरच्या चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला आईचा वॉर्ड दिसायचा आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगायची. सासूबाई हौसाबाई, ज्यांना स्वप्नाली आत्या म्हणे, त्यांनी ज्वारीचं पोतंच सोबत आणलं होतं. नवनाथनं रुग्णालयामागच्या गल्लीत एक जुनी गिरणी शोधून काढली.

पहिल्याच सकाळी आत्यांनी तिच्या हातातली परात ओढून घेतली.

"सर बाजूला. दिसभर लोकांचं करून मोडून येतीयास. म्या हाय न्हवं आता? तू परातीला हात लावायचा न्हाय."

"अहो आत्या, दोन भाकरींना काय लागतंय?"

"म्हनून तर म्हनती. मला बी काय काम हाय हितं? मान वर केली तर आभाळ, खाली केली तर मोटारी."

स्वप्नाली पाटावर बसली. लग्नाला दहा वर्षं झाली, पण तव्यावरून उतरलेली भाकरी दुसऱ्या कुणी तिच्या ताटात टाकली असं क्वचितच झालं होतं. तिला इतकं बरं वाटलं की ती ड्यूटीला निघायला उशीर करून बसली. ते दिवस तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, आणि हे तिला त्याच वेळी कळत होतं.

तिसऱ्या सोमवारी पेटीनं आकडे दाखवले. डावा अडुसष्ट, उजवा एकाहत्तर.

"चुकलं असेल काहीतरी," डॉक्टर केणी म्हणाल्या. पुन्हा हात घातले, पुन्हा तेच. पुढच्या सोमवारी दोन्ही साठाच्या खाली. मेट्रननं चष्म्यातून पाहिलं आणि हळू आवाजात आठवण करून दिली, सलग तीन सोमवार असं झालं तर क्वार्टर सोडावं लागेल. नियम तिनं केला नव्हता, असंही ती म्हणाली.

दुसरी एखादी देवाला नवस बोलली असती. स्वप्नाली पेनाचं टोक चावत बसली. बदललं काय? पाणी बदललं होतं, साबण बदलला होता, खोबरेल बदललं होतं, रोज मुलीला कुशीत घेणं सुरू झालं होतं. तिनं एकेक गोष्ट दोन-दोन दिवस बंद करून पाहायचं ठरवलं आणि डॉक्टर केणींकडून रोज सकाळी पेटी वापरायची परवानगी घेतली. नवा लेप लावला तर कारण झाकलं जाईल, म्हणून तो न लावता तिनं तेवढे दिवस जळीत वॉर्डाबाहेर, साध्या रुग्णांकडे काम मागून घेतलं. खोबरेल बंद केलं, आकडा उतरत राहिला. बदलापूरचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं, त्यात हात धुतले, उतरतच राहिला. दोन दिवस ईश्वरीला जवळ घेतलं नाही. पोरगी हिरमुसली आणि आकडा आणखी एकानं घसरला.

तेवढ्यात आत्या भिवंडीला भाचीच्या डोहाळजेवणाला पाच दिवसांसाठी गेल्या. जाताना पीठ चाळून ठेवून गेल्या. पाचव्या दिवशी स्वप्नालीनं पेटीत हात घातले तर उजवा बावन्नवरून एकोणसत्तरवर आलेला. डावा मात्र जेमतेम हललेला. आणि या वेळी तिनं आकड्याऐवजी हाताकडे नीट पाहिलं. सगळ्यात गर्द हिरवा उजेड बोटांवर नव्हता. तो तळव्याच्या मुळाशी, मनगटाच्या अलीकडच्या मांसल भागावर होता.

तो भाग आपण कशाला वापरतो? लिहायला नाही, इंजेक्शन द्यायला नाही, पट्टी बांधायला नाही. ती दिवसभर प्रत्येक कामाला तळहाताकडे पाहत राहिली. संध्याकाळी परातीत पीठ घेऊन, गरम पाणी ओतून ती मळायला लागली आणि हात मधेच थांबला. डाव्या हातानं परातीची कड धरलेली. उजव्या तळव्याचं मूळ पिठात रुतलेलं, पीठ पुढे रेटत होतं. ती एकटीच मोठ्यानं हसली.

नवनाथ आत आला. "काय झालं?"

"काही नाही. उद्यापासून चार दिवस मी डाव्या हातानं पीठ मळणार. भाकरी वाकडी होईल. बोलायचं नाही."

भाकरी वाकड्या झाल्या, पण पाचव्या दिवशी डाव्या हाताचा आकडा उजव्याच्या पुढे गेला.

डॉक्टर केणी टेबलावर थाप मारून उठल्या. "मेण! ज्वारीच्या दाण्यावर मेणाचा पातळ थर असतो, सिस्टर. कोरड्या रानात दाण्याचं पाणी उडू नये म्हणून. गरम पाण्यात मळलं की ते मऊ होऊन रंध्रांत शिरत असणार, आणि साबणानं ते सहजी निघत नाही. आपला जिवाणू उपाशी मरतोय म्हणून आम्ही रडतोय, आणि तुम्ही त्याला रोज शिदोरी बांधून देताय!" त्यांनी लगेच सहा सिस्टर्सची नावं लिहिली, त्यात मेघनाचं होतं. रोज सकाळी दहा मिनिटं ज्वारीचं पीठ मळायचं, तीन आठवडे.

घरी स्वप्नालीनं हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. नवनाथनं शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं झालं. पण सगळ्यांचेच हात टिकायला लागले, तर क्वार्टर तुलाच कशापायी देतील?"

 एवढी हुशार बाई, पण ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नव्हती.

पीठ मळणं तिनं आत्यांकडून परत घेतलं तेव्हा घरात वेगळंच महाभारत झालं. "माझ्या हातचं गोड लागंना व्हय आता?" आत्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. जिवाणू, मेण, पेटी सगळं सांगून झालं. "पिठानं कुठं माणसं वाचत्यात? नको असल तर तसं सांग," एवढंच त्या बोलल्या. त्या दिवसापासून चौदाव्या मजल्यावर त्यांना काही कामच उरलं नाही, आणि त्या भराभर म्हाताऱ्या दिसू लागल्या. स्वप्नालीला ते दिसत होतं, पण परात सोडायची सोय नव्हती. तिचे आकडे पुन्हा नव्वदीत गेले आणि क्वार्टर वाचलं.

दोन आठवडे झाले. सहाजणींच्या हातांवरची साय नवव्या-दहाव्या दिवशी नेहमीसारखी फाटली.

"काही नाही हो, तुमची कातडीच वेगळी," डॉक्टर केणी खांदे पाडून म्हणाल्या. "तिसरा आठवडा पुरा करायचा म्हणून करू, मग फाइल बंद." स्वप्नालीनं प्रयोगाच्या खोलीत डोकावलं. टेबलावर पिठाच्या पिशव्या रचलेल्या होत्या. दुकानातलं पाकीट, पांढरंशुभ्र पीठ, दोन बोटांत चोळलं तर पावडरीसारखं उडणारं. तिला एका क्षणात कळलं. पाकिटातलं पीठ सहा महिने टिकावं, दिसायला गोरं दिसावं म्हणून ज्वारीला आधी पॉलिश करतात. वरचा थर खरवडून निघतो. म्हणजे मेणच निघून जातं. त्या सहाजणी नुसताच चिखल मळत होत्या.

तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

खोटं बोलायची गरज नव्हती. कुणी काही विचारलंच नव्हतं. ईश्वरीची चाचणी परीक्षा दहा दिवसांवर होती. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि त्या ठरवण्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली. तरी ती घरी आली, तिनं मुलीचा अभ्यास घेतला, आणि दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

जळीत वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर रोशनी होती. बावीस वर्षांची, एका लाँड्रीत वाफेची नळी फुटून दोन्ही पाय भाजलेली. जखमा भरत आल्या होत्या. पायावर उभी राहिले की पहिल्यांदा केस धुणार, असं ती सगळ्यांना सांगायची. चौथ्या दिवशी तिच्या जखमेवर राखाडी ठिपके दिसले आणि आठव्या दिवशी ती गेली. तपासणीत निघालं की ती बुरशी दोन नंबरच्या खाटेवरून आली. दोन्ही खाटांच्या पट्ट्या ठिपके दिसण्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी, मेघनानं बदलल्या होत्या. सकाळी पेटीनं तिला त्रेसष्टावर आत सोडलं होतं. दुपारपर्यंत साय संपली असणार.

मेघना चादरींच्या खोलीत जमिनीवर बसली होती. पुढ्यातले हात तिनं असे धरले होते, की जणू ते दुसऱ्याचे आहेत.

"ताई, मीच गं. माझ्याच हातानं गेली ती," ती म्हणाली. "मी तर रोज पीठ मळत होते ना. एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं."

 रोशनीच्या जखमेवर ठिपके दिसले त्याच्या चार दिवस आधी स्वप्नालीनं ती पाकिटं पाहिली होती. ते चार दिवस आता कुठल्याही परीक्षेनं भरून निघणार नव्हते.

घरी आल्यावर तिनं नवनाथला आणि आत्यांना समोर बसवलं. हे घर त्यांचंही होतं, म्हणून सगळं सांगितलं, पाकिटांसकट.  ईश्वरीची शाळा, स्वतःचं काम, सगळं नवनाथच्या तोंडावर दिसत होतं. तो काही बोलायच्या आधी आत्या उठल्या. कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं त्यांनी दोन्ही हातांनी ओढत दाराशी आणलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आन् गिरनीवाल्याला सांग, जाड दळ म्हनावं."

"आत्या, घर जाईल."

"जाऊ दे. चौदाव्या माळ्यावर बसून म्या कुनाच्या पोरीच्या मरनाची भाकर खाऊ व्हय?"

नवनाथनं पोतं खांद्यावर घेतलं.

डॉक्टर केणींनी पिठाची मूठ नाकाशी नेली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि मग स्वप्नालीकडे पाहिलं. "हे तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं. स्वप्नालीनं तारीख सांगितली. डॉक्टरांनी ती तारीख फाइलीत लिहून घेतली. मेघनालाही तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मेघनानं ऐकून घेतलं, ती उठून गेली आणि पुढे महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

या खेपेला साय टिकली. दहावा दिवस गेला, विसावा गेला, चाळिसावाही. दोन महिन्यांत प्रत्येक मजल्यावरच्या कपडे बदलायच्या खोलीत पराती आल्या. ड्यूटी बदलायच्या वेळी तिथे गरम पाण्याची वाफ आणि पिठाचा वास भरून राही. आधी पीठ सैल झालं, कुणाच्या कोपरापर्यंत गेलं, केरळच्या सिस्टर्सची हसून हसून पुरेवाट झाली. मळलेलं पीठ शास्त्रज्ञ टाकून देणार होते, पण अन्न फेकलेलं बघवेना म्हणून आत्यांनी रुग्णालयात येऊन त्यावर जो आवाज चढवला तो मेट्रनसुद्धा विसरली नाही. त्या पहिल्या आठवड्यात आत्या रोज खाली येत, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि डिग्रीवाल्या पोरींना पाणी किती ऊन हवं ते शिकवत. मुंबईत त्या कधी एवढ्या खुशीत दिसल्या नव्हत्या. तिसऱ्या महिन्यात जळीत वॉर्डात राखी बुरशीचा एकही रोगी उरला नाही, आणि डॉक्टर केणींनी तसा अहवाल स्वतःच्या हातानं पेटीजवळच्या भिंतीवर लावला.

त्याच महिन्यात क्वार्टरची योजना बंद झाल्याचं पत्र आलं. टिकाऊ हात आता सगळ्यांचेच होते. रुग्णालयाचं काही चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. मेट्रननं महिनाभराची सवलत मिळवून दिली, त्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

शाळेचं वर्ष संपल्यावर ईश्वरीचा दाखला काढला. नवनाथ, आत्या आणि पोरगी मंगळवेढ्याला परत गेले. स्वप्नालीनं नोकरी धरून ठेवली, घर त्यावरच चालायचं होतं. बॅग घेऊन ती बदलापूरच्या खोलीवर गेली तेव्हा तिची जुनी खाट रिकामीच होती. खोलीतल्या दुसऱ्या दोघींनी सांगितलं, मेघनानं कुणाला ती घेऊ दिली नाही. मेघना स्वतः शेगडीपाशी पाठ करून उभी होती. "भात टाकलाय. तुझाही," एवढंच म्हणाली.

पहिल्या रविवारी दुपारी ईश्वरीचा फोन आला. शाळेचं, शेजारच्या मांजरीचं सांगून झालं. मग तिनं विचारलं.

"आई, आपण घर दिलं ना, मग तिकडं आता कुणीच मरत नाही का?"

स्वप्नालीला खोटं बोलता आलं असतं. पोर लहान होती, हातचं घर गमावल्याबद्दल तिला काहीतरी भरघोस ऐकायचं होतं.

"मरतात गं," ती म्हणाली. "पण आमच्या हातानं नाही."



"मग बरंय," ईश्वरी म्हणाली, आणि तिनं फोन आजीकडे दिला.